वैमानिकाने कोणता गॉगल घालावा?

वैमानिक म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो थेंबाच्या आकाराचा गॉगल. बाऊश अँड लॉम्ब या अमेरिकी कंपनीने १९३७ मध्ये तो ‘रे-बॅन’ या नावाने विकायला सुरुवात केली. पुढे तो सिनेमात गेला, लग्नाच्या फोटोत गेला आणि मूळ प्रश्न मागे पडला. बारामती किंवा गोंदियाला विमान चालवायला शिकणाऱ्या मुलासाठी पालक हौसेने गॉगल घ्यायला जातात, तेव्हा दुकानदार बहुधा सर्वांत महागडा ‘पोलराइज्ड’ गॉगल पुढे करतो. गाडी चालवायला तो उत्तम. विमानात मात्र नको.

का, ते समजण्यासाठी आधी वरच्या उजेडाचा विचार करू. जमिनीवर ऊन वरून येते आणि भुवई व खोबणीची वरची कड डोळ्यांना थोडा आडोसा देतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर चित्र उलटे होते. वरचे आकाश गडद, तर खाली पांढऱ्या ढगांची गादी. तिच्यावरून परतलेला उजेड खालून डोळ्यांत शिरतो. तिथे भुवईचा काही उपयोग नाही. त्याच वेळी समोरची उपकरणे सावलीत असतात. वैमानिकाची नजर सतत बाहेरच्या लख्ख उजेडातून आतल्या अंधुक फलकावर जात-येत असते. त्यामुळे त्याच्या गॉगलने डोळे दिपू द्यायचे नाहीत, पण फलकावरचे आकडेही पुसट करायचे नाहीत.

म्हणून काच जितकी काळी तितकी चांगली, हा समज इथे चालत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला १५ ते ३० टक्के उजेड आत सोडणाऱ्या काचेचा आहे. गॉगलवर ० ते ४ असा गडदपणाचा क्रमांक असतो. ही मर्यादा साधारण २ आणि ३ मध्ये बसते. ४ क्रमांकाची काच बर्फाच्छादित डोंगरांवर ठीक, पण ती घालून मोटार चालवणेही योग्य मानले जात नाही. वरून गडद आणि खाली फिकट होत जाणारी काचही सोयीची, कारण फलक तिच्या फिकट भागातून दिसतो.

रंग करडा असावा. करडी काच सगळे रंग सारख्या प्रमाणात मंद करते, त्यामुळे लाल दिवा लालच दिसतो. पिवळ्या-केशरी काचेतून जग झकास, उठावदार दिसते खरे, पण रंग बदलतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वैद्यकीय नियमावलीतही करडा रंग आणि पोलराइज्ड नसलेली काच असाच सल्ला आहे.

आता त्या पोलराइज्ड काचेकडे येऊ. पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून येणारी चकाकी ती अडवते. पण कॉकपिटमधले एलसीडी पडदेही एका विशिष्ट दिशेत कंप पावणारा प्रकाशच बाहेर सोडतात. डोके थोडे कलले की अशा काचेतून पडद्याचा भाग काळा पडू शकतो. विमानाची पुढची काच अनेक थरांची असते. तिच्यातले ताण रंगीत पट्ट्यांसारखे दिसू लागतात. शिवाय दूरच्या दुसऱ्या विमानाची चाहूल अनेकदा त्याच्या पंखावरच्या किंवा काचेवरच्या क्षणभराच्या चमकेनेच लागते. ती चमकच गॉगलने गिळली, तर बाजूला होण्यासाठी मिळणारे मोलाचे सेकंद जातात. घरचा गॉगल पोलराइज्ड आहे का, हे पाहायचे असेल तर लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून तो हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात पडदा काळवंडला, तर आहे.

उन्हात आपोआप काळी होणारी काचही इथे दगा देते. ती गडद होते अतिनील किरणांमुळे, आणि विमानाची पुढची काच त्यातली बरीच किरणे आधीच अडवते. उलट, भर उन्हात गडद झालेली काच फिकट व्हायला काही मिनिटे घेते. विमान तर क्षणात ढगात शिरते.

अतिनील किरणांचे प्रमाण दर हजार मीटर उंचीला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. ‘ब’ प्रकारची किरणे विमानाची काच जवळपास पूर्ण रोखते. ‘अ’ प्रकारची किती रोखली जातील, हे तिच्या बनावटीवर अवलंबून असते. म्हणून गॉगलला पूर्ण अतिनील संरक्षण हवेच. रस्त्यावरच्या स्वस्त, नुसत्या रंगवलेल्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि संरक्षण मात्र मिळेलच असे नाही.

फ्रेमबद्दल थोडेच. काड्या पातळ आणि सरळ हव्यात. जाड काडीमुळे हेडसेटची गादी कानाभोवती नीट बसत नाही, आवाज आत येतो आणि दोन तासांत कानशिले ठणकू लागतात. नंबर असेल तर तो गॉगलमध्येच करून घ्यावा, आणि चाळिशी लागलेल्यांनी जवळचा नंबर उपकरणांच्या अंतरासाठी तपासून घ्यावा. पुस्तकाचे अंतर वेगळे, फलकाचे वेगळे. नंबर असलेल्या वैमानिकाने जादा चष्मा हाताशी ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे.

संध्याकाळी उड्डाण असेल तर दुपारचा गॉगल आणखी महत्त्वाचा. काही तास प्रखर उन्हात उघड्या डोळ्यांनी काढले, तर दृष्टिपटलाला अंधाराशी जुळवून घ्यायला नेहमीच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो. सूर्य मावळू लागला, की मात्र गॉगल काढून खिशात ठेवायचा.