पाळी जाण्याच्या वयातील अतिरक्तस्राव : सोसू नये, घाईही करू नये

स्त्रीच्या आयुष्यात पाळी सुरू होणे ही जशी निसर्गाची गोष्ट आहे, तशीच ती जाणे हीही निसर्गाचीच गोष्ट आहे. पहिल्या पाळीच्या वेळी आई, आजी किंवा मोठी बहीण मुलीला चार गोष्टी सांगते. परंतु पाळी जाताना काय होते, हे चाळिशीच्या बाईला सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे महिन्यातून दोनदा पाळी आली किंवा दहा-बारा दिवस अंगावरून जात राहिले, तरी "आता वयच झाले, जायच्या वेळी असेच व्हायचे" असे म्हणून ती गप्प बसते. पुढे त्रास असह्य झाला की एकदम "पिशवीच काढून टाका" म्हणते. हे सोसणे आणि ही घाई, दोन्ही टाळता येण्यासारखी आहेत. ती कशी टाळावीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या सोलापुरात हा प्रश्न अधिक बिकट आहे. येथे हजारो भगिनी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. कोणी यंत्रमागावर कांड्या भरतात, कोणी चार घरची धुणी-भांडी करतात, तर खेड्यापाड्यात कोणी दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातात. विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की मजुरी थांबली. अशा भगिनीला अंगावरून जास्त जाऊ लागले, तर दवाखान्यात जाण्यासाठीही दिवस मोडावा लागतो. म्हणून दुखणे पुढे ढकलले जाते आणि रक्त मात्र कमी कमी होत जाते.

पाळी जाताना शरीरात काय होते?

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी बंद होते. लागोपाठ १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती कायमची गेली असे समजतात. पण त्याआधीची काही वर्षे, कोणाची दोन तर कोणाची सात-आठ, शरीर या बदलाच्या तयारीत असते. पाळीची गडबड होते ती याच काळात.

दर महिन्याला स्त्रीच्या बीजकोषातून एक बीज बाहेर पडते. त्याआधी इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन गर्भाशयाच्या आतील अस्तर वाढवते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन तयार होते व ते या अस्तराला आवर घालते. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन्स कमी होतात आणि अस्तर ठरल्या वेळी गळून पडते. हीच पाळी. चाळिशीनंतर काही महिने बीज बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेनचे काम मात्र चालूच राहते. अस्तर आवर न राहता जाड होत जाते आणि कधीतरी तुकड्यातुकड्याने गळू लागते. त्यामुळे दोन महिने पाळी येत नाही आणि तिसऱ्या महिन्यात आली की पंधरा दिवस थांबत नाही, असा अनुभव अनेकींना येतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या वयातही अधूनमधून बीज बाहेर पडते, म्हणजे दिवस राहू शकतात. ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यांनी पाळी पुढे गेल्यास "गेली असेल" असे गृहीत न धरता प्रथम गर्भ नाही ना, हे तपासून घ्यावे.

जास्त म्हणजे किती?

नेहमीच्या एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. घरी कोणी रक्त मोजत बसत नाही, म्हणून पुढील खुणा ओळखाव्यात :

१) घडी किंवा पॅड दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजते, रात्री उठून बदलावे लागते.
२) दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात.
३) पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालते किंवा २१ दिवसांच्या आत पुन्हा येते.
४) दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतीशी संबंध आल्यावर रक्त दिसते.
५) पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसते, मग ते एक थेंब का असेना.

यातील शेवटच्या दोन खुणा कधीही अंगावर काढू नयेत. तसेच तासाला एक याप्रमाणे घड्या भिजू लागल्या, चक्कर आली, उभे राहवेना, छातीत धडधडू लागले, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आल्याची व थांबल्याची तारीख खुणेने मांडून ठेवावी. फार गेले त्या दिवशी दोन खुणा कराव्यात. तीन महिन्यांचे असे टिपण डॉक्टरांपुढे ठेवले, तर निम्मे निदान तिथेच होते.

सगळेच वयामुळे नसते

चाळिशीनंतरच्या रक्तस्रावाला हार्मोन्सखेरीज इतरही कारणे असतात. गर्भाशयातील मांसल गाठी (फायब्रॉइड), अस्तरावरचे छोटे कोंब (पॉलिप), गर्भाशयाला येणारी सूज, थायरॉइडचा विकार, जुनी तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ही त्यातील नेहमीची कारणे होत. यातील बहुतेक साधी असतात व औषधाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरी होतात. थोड्या स्त्रियांत मात्र कारण कर्करोगाचे निघते आणि तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. म्हणूनच तपासणी महत्त्वाची.

याबाबतीत आपला जिल्हा भाग्यवान म्हटला पाहिजे. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार खेडेगावच्या स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे हे हॉस्पिटल यांचा त्यात सहभाग होता. गर्भाशयाच्या मुखाची एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी व त्यानंतरचे वेळीच उपचार यांमुळे त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले, हे या अभ्यासाने २००९ साली जगापुढे मांडले. साऱ्या जगाने ज्याची दखल घेतली ते काम आपल्या भागातील साध्या बायाबापड्यांच्या सहकार्याने झाले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मात्र ही तपासणी गर्भाशयाच्या मुखाची आहे. आतील अस्तराची तपासणी वेगळी असते.

डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन, थायरॉइड, गर्भाची चाचणी, सोनोग्राफी व गर्भाशयमुखाची तपासणी करतात. वय ४५ च्या पुढे असेल किंवा औषधाने फरक पडत नसेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात. त्याला घाबरण्याचे कारण नाही. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये या तपासण्या होतात. खेड्यातील भगिनींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रथम दाखवावे.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी गोळ्यांची. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या, रक्त जाणे कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या असतात. मेफेनामिक ॲसिडच्या गोळीने दुखणे व रक्त दोन्ही कमी होते. पाळी नियमित करण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. या गोळ्या शेजारणीला दिल्या म्हणून आपण घेऊ नयेत. पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, रक्तदाब असेल, पोटात व्रण असेल, तर काही गोळ्या अपाय करतात. लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणून घेण्याची सवयही सोडावी.

दुसरी पायरी हार्मोन असलेल्या तांबीची. नेहमीच्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. ही तांबी निराळी आहे. ती थोडे थोडे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध गर्भाशयातच सोडते व अस्तर पातळ ठेवते. पहिले काही महिने थोडे थोडे डाग दिसतात. नंतर बहुतेकींचा रक्तस्राव पुष्कळच कमी होतो आणि पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ तिचा उपयोग होतो.

तिसरी पायरी गाठ किंवा कोंब तेवढा काढण्याची अथवा अस्तर जाळण्याची. गर्भाशय काढणे ही शेवटची पायरी होय.

रक्त भरून काढणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. त्यात अतिरक्तस्रावाची भर पडली तर काय होईल, हे सांगायला नको. धाप लागणे, पायात गोळे येणे, केस गळणे, कामात मन न लागणे ही रक्त कमी असल्याची लक्षणे आहेत. बाईला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. ते १२ च्या वर हवे. ८ च्या खाली गेले तर ती गंभीर बाब समजावी.

पालेभाज्या, मटकी, हुलगे, बाजरीची भाकरी, शेंगदाणे, अळीव, झेपेल त्यांनी मटण-कलेजी हे सर्व खावे. परंतु खूप उतरलेले रक्त नुसत्या खाण्याने भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर कधीही नाही. शौचाला काळे होते म्हणून त्या बंद करू नयेत. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही सुमारे तीन महिने त्या चालू ठेवाव्यात.

पिशवी काढण्याची घाई

"मुले झाली, ऑपरेशन झाले, आता पिशवीचा काय उपयोग?" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. या विचाराने काय होते ते बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ साली राज्य शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांतून एकीचे. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, अशा स्थितीत पाळीचा त्रासच नको, असे या भगिनींना वाटले. त्यात कर्करोगाची भीती घालणारेही भेटले. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला.

मोठ्या गाठी, कर्करोग किंवा कोणत्याच उपचाराला दाद न देणारा रक्तस्राव असेल, तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तेव्हा तिला नकार देऊ नये. पण कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी एकदम जाते, हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या रक्तस्रावाचे नेमके कारण काय? गोळ्या किंवा हार्मोनची तांबी यांनी भागणार नाही का? बीजकोष ठेवणार की काढणार? उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

घरच्यांची जबाबदारी

पाळीचा विटाळ मानून बाईला बाजूला बसवणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या दुखण्याविषयी घरात न बोलणेही चुकीचे आहे. पतीने तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. मुला-सुनांनी त्या दिवसांत पाण्याच्या घागरी व जड कामे आपल्याकडे घ्यावीत. महिला मंडळाच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी या विषयावर डॉक्टर भगिनीला बोलवावे व सर्वांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सगळ्या घराचे दुखणे-खुपणे पाहणाऱ्या बाईने चाळिशीनंतर वर्षातील एक दिवस स्वतःच्या तपासणीसाठी काढावा. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, एवढे घरच्यांनी तिला स्वतःहून सांगावे.