दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले का?

पुण्यातल्या एका शाळेचे मैदान. आंतरशालेय कबड्डीचा सराव चालू आहे. चढाई करून परतताना एका मुलीचा पाय वाकडा पडतो आणि घोटा मुरगळतो. कोणी पाय ओढून ‘बसवायला’ धावते, कोणी मलम चोळते. आठवड्याभरात सूज ओसरते. “आता दुखत नाही ना? मग उतर मैदानात,” सर म्हणतात. मुलगी मान डोलावते. पहिल्याच सामन्यात तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. माझ्या शालेय दिवसांत मी स्वतःच त्या मुलीच्या जागी होतो. दुसऱ्यांदा पाय मुरगळल्यावर ‘नाजूक घोट्याचा’ असा शिक्का बसला आणि माझा खेळ सुटला. दोष पायाचा नव्हता. ‘दुखत नाही म्हणजे बरे झाले’ या समजुतीचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना एकत्र बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. पाय आतल्या बाजूला वळला की ते ताणले जातात, कधी फाटतात. त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही तुटतात आणि सूज येते. अशा वेळी चोळले तर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवातीला विश्रांती, लवचीक पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे हेच योग्य. बर्फाने वेदना कमी होते.

पुढची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते. पहिले काही दिवस दाहाचे. त्यानंतरच्या काही आठवड्यांत फाटलेल्या जागी कोलॅजेन या प्रथिनाचे नवे तंतू तयार होतात, पण ते विस्कटलेल्या सुतासारखे अस्ताव्यस्त असतात. ताणाच्या दिशेने ते नीट रचले जाऊन बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. वेदना मात्र बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच उतरते. म्हणजे वेदना गेली आहे, पण बळ आलेले नाही, असा एक काळ मध्ये येतो. आपली कबड्डीपटू नेमकी याच काळात मैदानात उतरली.

अस्थिबंधाचे आणखी एक काम आहे. पाय कोणत्या कोनात आहे याची बातमी मेंदूला देणारी चेताग्रे त्यात असतात. वर्गात एक प्रयोग करून पाहा. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. तोल जाईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. मग दुसऱ्या पायावर तेच करा. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे, त्यांच्यापैकी काहींना दोन पायांतला फरक चटकन जाणवेल. (ताजी दुखापत असलेल्या मुलांना मात्र हा प्रयोग करायला लावू नका.) हा तोल सरावाने परत मिळवता येतो, पण तो कमी झाला आहे हे आधी कोणी तरी तपासायला हवे.

आता मुलीच्या होकाराकडे वळू. तिने मान का डोलावली? संघातली जागा जाईल ही भीती असेल. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा विचार घरात चालू असेल. किंवा मोठ्यांना ‘नाही’ म्हणायची सवयच नसेल. मनातली भीती पायातही उतरते. पुन्हा लागेल या धास्तीने स्नायू ताठ राहतात, लक्ष प्रतिस्पर्ध्याऐवजी स्वतःच्या पायाकडे जाते आणि हालचाल चुकते. “दुखतंय का?” या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. “पाय टाकताना मनात काय येतं?” असे विचारले तर मूल बोलू लागते.

पायाची परीक्षा आणि मनाची विचारपूस, दोन्ही कौशल्येच आहेत आणि ती शिकावी लागतात. अमेरिकेत पहिल्यासाठी ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 साली स्थापन झाली. नावात ट्रेनर असला तरी तो प्रशिक्षक नव्हे. दुखापत टाळणे, प्रथमोपचार करणे आणि खेळाडू परत कधी उतरेल हे डॉक्टरांच्या साहाय्याने ठरवणे हे त्याचे काम. 2022च्या सुमारास तेथे या विषयाचे पदवी पातळीवरचे नवे प्रवेश थांबले आणि शिक्षण पदव्युत्तर पातळीवर गेले. समुपदेशनाचेही तसेच आहे. तेथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आधी 100 तास आणि नंतर 600 तास प्रत्यक्ष काम करावे लागते, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. समुपदेशक घडवणाऱ्या शिक्षकांसाठी तर ‘समुपदेशक-शिक्षण’ हा पीएच.डी.चा वेगळा विषयच आहे. एवढे तास कशाला? कारण ‘आता थांब’ हे कधी आणि कसे म्हणायचे, ते पुस्तक वाचून येत नाही.

आपल्याकडे हे काम विभागलेले आहे. फिजिओथेरपीच्या पदवीनंतर क्रीडा हा विशेष विषय घेऊन एम.पी.टी. करता येते, मानसशास्त्रात एम.ए. करताना समुपदेशन निवडता येते. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्रीडावैद्यक आणि क्रीडामानसशास्त्र हे विषय येतात. पुण्यात तर दोन्ही परंपरा जुन्या आहेत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले, तर आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू करताना मानसशास्त्राचा पाया घेतला. नाशिकचे भीष्मराज बाम यांची वाट याहून वेगळी. पोलीस सेवेतले हे अधिकारी क्रीडामानसशास्त्राकडे वळले आणि अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांचे मार्गदर्शक झाले. 2017 साली त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःची वाट स्वतः शोधावी लागली. आजच्या विद्यार्थ्याला निदान पायवाट तरी आखलेली आहे. बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुलांना ती जरूर दाखवा.

पण शाळेच्या मैदानावर आज ना ट्रेनर असतो, ना समुपदेशक. तेथे आपणच असतो. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवू. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर दाबले असता हाड दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला पाठवावे. कॅनडात 1992 साली मांडलेल्या नियमांचा हा गाभा आहे. डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे रवानगी. आणि परतीच्या पायऱ्या ठरलेल्या असाव्यात: चालणे, सरळ धावणे, वळत धावणे, एकट्याने चढाईचा सराव, मग सामना. एखाद्या पायरीवर दुखले तर एक पायरी मागे.

हा निर्णय सामना जिंकण्याची घाई असलेल्या माणसाने एकट्याने घेऊ नये. आणि मुलीला पुन्हा विचारायचे झालेच, तर संघासमोर नको. बाजूला घेऊन विचारावे आणि उत्तर यायला थोडा वेळ द्यावा.