एपिसोडचा मजकूर : टर्मिनलमधला पसारा रांगेत कसा लावायचा?

इयरफोन लावून बस-लोकलमध्ये ऐकणाऱ्यांनी हे नंतर लॅपटॉपवर करून बघा. आजचा विषय छोटा आहे, पण मला रोज लागतो: टर्मिनलवरचं आउटपुट नीट कॉलममध्ये आणणं.

आधी बिघडतं का ते बघू. बरेच जण दोन शब्दांमध्ये टॅब टाकतात. टॅब म्हणजे ठरावीक जागा नाही, तो पुढच्या थांब्यापर्यंत उडी मारतो. थांबे साधारण दर 8 अक्षरांवर. एका ओळीत नाव 5 अक्षरांचं आणि दुसरीत 11 अक्षरांचं असेल, तर उड्या वेगवेगळ्या थांब्यांवर पडतात. झाली रांग वाकडी!

यावर सोपा उपाय म्हणजे 'कॉलम' ही कमांड. आउटपुटपुढे पाइप द्या आणि लिहा: कॉलम, मायनस टी. ती सगळ्या ओळी वाचते, प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द मोजते आणि बाकीच्यांना तेवढी स्पेस जोडते. सगळं वाचून झाल्याशिवाय ती काहीच छापत नाही. म्हणून सतत वाहणारा लॉग तिला जोडला, तर स्क्रीन कोरीच राहते. कमांड हँग झालेली नसते, ती शेवटच्या ओळीची वाट बघत असते.

आता खरी जपायची जागा. लिनक्समधल्या पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक युजरची 7 फील्ड असतात, मध्ये कोलन. वेगळा विभाजक 'मायनस एस'ने सांगायचा. पाचवं फील्ड, म्हणजे युजरची माहिती, बऱ्याचदा रिकामं असतं. मॅकवरची कमांड लागोपाठचे दोन कोलन एकच धरते. मग होम फोल्डर सरकून माहितीच्या रकान्यात बसतो. टेबल दिसतं देखणं, पण ती ओळ चुकीची! एरर येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. त्यावर विसंबून कोणी काही डिलीट केलं तर? त्यामुळे रिकाम्या जागी आधी एक डॅश भरून घ्या. कॉमावाल्या सीएसव्हीतही जपा, कारण अवतरणचिन्हांमधला कॉमा या कमांडला कळत नाही.

आणि आपली मराठी? 'पुणे' स्क्रीनवर दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ते 4 कोड आणि यूटीएफ-8मध्ये 12 बाइट. बॅशचं नेहमीचं प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं. 10ची रुंदी मागितली की त्याला वाटतं, 12 तर आधीच झाले, आणि ते एकही स्पेस देत नाही. लिनक्सवरची कॉलम कमांड दिसणारी रुंदी मोजते, म्हणून तिथे बरं जमतं. तरी जोडाक्षरं फॉन्टप्रमाणे कमी-जास्त जागा घेतात, तेव्हा थोडं इकडे-तिकडे चालायचंच.

मोबाइलवरून सर्व्हरला जोडत असाल तर अजून एक. स्क्रीन अरुंद असते, ओळी मोडतात. आधी 'कट'ने हवी तेवढीच फील्ड काढा, उदाहरणार्थ पहिलं आणि सातवं, आणि मग कॉलमला द्या.

लक्षात ठेवा, सरळ रांग वाचायला मदत करते, आतला डेटा बरोबर असल्याची हमी देत नाही. दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचा तो मूळ मजकूर, सजवलेला फक्त माणसांसाठी. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!