वाळू धरून ठेवणारे सेवण

सेवण हे थरच्या वाळवंटात आपोआप वाढणारे बहुवर्षायू गवत आहे. त्याचे शास्त्रीय नाव लॅसियुरस सिंडिकस. त्यातला ‘सिंडिकस’ हा शब्द सिंध प्रांतावरून आला आहे. राजस्थानात जैसलमेर, बाडमेर आणि बिकानेर या जिल्ह्यांत ते मुख्यतः आढळते. सिंध, इराण, अरबस्तान ते थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत त्याचा पसारा आहे.

वर्षाला २५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस आणि पाणी न धरणारी वाळू, अशा जागी सेवण तग धरते. त्याचे ठोंब साधारण मीटरभर उंच होतात. बुडखा लाकडासारखा टणक असतो आणि मुळे वाळूत खोल जातात. उन्हाळ्यात वरची पाती वाळून पिवळी पडतात, ठोंब मेल्यासारखा दिसतो. पण पहिला पाऊस पडला की त्याच बुडख्यातून हिरवे कोंब फुटतात. वाऱ्याबरोबर आलेली वाळू ठोंबाभोवती अडते, त्यामुळे वाळूच्या टेकड्यांचे सरकणेही कमी होते.

सेवणाचा तुरा रुपेरी, रेशमी केसांनी भरलेला असतो. या केसांमुळे बी इतके हलके होते की नुसते फेकले तर वाऱ्यावर उडून जाते. म्हणून कुरण नव्याने लावताना बी ओल्या वाळूत कालवून पेरतात किंवा माती, शेण व वाळूच्या गोळ्यांत घालून टाकतात. पेरणी पावसाच्या सुरुवातीला होते.

हे गवत जनावरे आवडीने खातात. ओले चरून उरलेले कापून, वाळवून साठवतात. टंचाईत तोच चारा कामी येतो. थारपारकर गाईंचे पोषण पिढ्यान्‌पिढ्या याच कुरणांवर झाले. चिंकारा इथे चरतो. उघड्या जमिनीवर अंडे घालणारा माळढोकही अशाच गवताळ भागात राहतो. महाराष्ट्रात सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून तो जवळपास दिसेनासा झाला. आज देशातले बहुतेक माळढोक जैसलमेर भागात आहेत.

दुष्काळ सोसणाऱ्या सेवणाला नांगर मात्र सोसत नाही. ट्रॅक्टरने जमीन उलटली की बुडखे उपटले जातात आणि पुन्हा फुटायला काही उरत नाही. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आल्यावर अनेक कुरणांची शेते झाली. पाणी साचलेल्या जमिनीतही हे गवत टिकत नाही. उरलेल्या कुरणांवर अति चराई झाली, तर तुरा येण्याआधीच गवत खाल्ले जाते आणि बीच धरत नाही. म्हणून कुरणाचे भाग पाडून ते आळीपाळीने चराईसाठी खुले ठेवणे, हा ते राखण्याचा साधा उपाय आहे.