चिलखताच्या कड्या आणि नाताळचें झाड

नाताळ जवळ आला म्हणजे जर्मनींतील नुरेंबर्ग शहराच्या मोठ्या चौकांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखालीं लहान लहान दुकानांच्या रांगा लागतात. काचेचे गोळे, गवताच्या काड्यांच्या चांदण्या, सोनेरी पत्र्याचे देवदूत असा माल तेथें विकावयास येतो. हा बाजार जुना आहे. त्याचें नांव असलेली एक लांकडी पेटी १६२८ सालची आहे. परंतु या शहरांत त्याहूनही जुना असा एक धंदा होता आणि सणावाराशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. तो धंदा लोखंडी तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून चिलखतें करण्याचा. ज्या विणीनें पूर्वीं योद्ध्याची छाती झांकली जात असे, त्याच विणीनें आज युरोप-अमेरिकेंतील हौशी लोक नाताळच्या झाडावर टांगावयाच्या शोभेच्या वस्तु करतात. ही वीण आहे तरी कशी, आणि ती रणांगणावरून घराच्या बैठकींत कशी आली, हें जाणून घेण्यासारखें आहे.

चिलखत हा शब्द मराठी घरांत अपरिचित नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज अफझलखानाच्या भेटीस गेले तेव्हां अंगरख्याच्या आंत त्यांनीं चिलखत चढविलें होतें, ही गोष्ट लहानपणीं ज्यानें ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळा. चिलखतें दोन प्रकारचीं असत. एक पोलादी पत्र्याचें व दुसरें कड्यांचें. कड्यांचें चिलखत कापडासारखें लवतें; तें घालून घोड्यावर बसतां येतें, हात मोकळा फिरवितां येतो आणि तें वस्त्राखालीं लपवितांही येतें. युरोपांत त्याचे अगदीं जुने अवशेष इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांतील केल्ट लोकांच्या थडग्यांत सांपडले आहेत. रोमन ग्रंथकार व्हॅरो यानेंही कड्यांच्या चिलखताचें श्रेय गॉल लोकांस दिलें आहे. पुढें तें रोमन सैन्यानें उचललें, आणि इराण, हिंदुस्थान व जपान या देशांतही कड्यांचीं चिलखतें होऊं लागलीं.

एका अंगरख्यास वीस-तीस हजार कड्या लागत आणि त्याचें वजन सुमारें दहा किलो भरे. प्रत्येक कडीचीं दोन टोंकें एकमेकांवर चढवून चपटीं करावयाचीं, त्यांस भोंक पाडावयाचें आणि त्यांत बारीक रिव्हेट ठोकून तीं पक्कीं करावयाचीं, असें हें काम. नुरेंबर्ग येथें कॉनराड मेंडेल नांवाच्या व्यापाऱ्यानें १३८८ सालीं बारा वृद्ध व निर्धन कारागिरांसाठीं एक आश्रम स्थापन केला होता. पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासून तेथें राहणाऱ्या प्रत्येक कारागिराचें, त्याच्या धंद्यांतील हत्यारांसह, एक रंगीत चित्र वहींत काढून ठेवण्याची चाल पडली. त्या चित्रांत तार ओढणारा आहे आणि कड्यांचें चिलखत विणणाराही आहे. साऱ्या जन्मांत त्यानें किती लाख कड्या जोडल्या असतील कोण जाणे; पण त्याचें चित्र काढतांना चित्रकारानें त्याच्यापुढें तें अर्धवट विणलेलें काम मांडलें, यांत त्या धंद्याचा मान दिसून येतो.

बंदुका सुधारल्या तसा हा धंदा बसला. गोळीपुढें कडी टिकत नाहीं. कसायाचे हातमोजे आणि शार्क माशांजवळ उतरणाऱ्या पाणबुड्यांचे पोषाख यांसाठीं मात्र कड्यांचें जाळें आजही विणलें जातें, कारण सुरीची धार आणि माशाचे दांत त्यानें अडतात. हौसेच्या बाजूनें या विद्येस नवें जीवन मिळालें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १९६६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मध्ययुगीन वेष, खेळ व कारागिरी यांची आवड असणाऱ्या लोकांचें एक मंडळ निघालें. अशा मंडळींतून लोक पुनः चिलखतें विणूं लागले. अंगरखा पुरा करावयास महिनेच्या महिने लागतात. उरलेल्या मूठभर कड्यांची एखादी चांदणी मात्र एका संध्याकाळीं होते. नाताळच्या झाडास घरीं केलेल्या वस्तु टांगण्याची चाल तर जर्मनींत फार जुनी. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका टिपणांत कागदी गुलाब व सफरचंदें झाडास लावीत असल्याचा उल्लेख आहे. त्या मालिकेंत तारेच्या कड्याही येऊन बसल्या.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. एक गुळगुळीत गोल सळई घेऊन तिच्यावर तार घट्ट, वेढ्यास वेढा चिकटवून, गुंडाळावी. सळईवरून स्प्रिंगसारखी गुंडाळी निघते. तिचा एकेक वेढा सोनाराच्या बारीक करवतीनें कापला कीं एकेक कडी सुटी होते. पक्कडीनें कापल्यास काम लवकर होतें, पण टोंकें निमुळतीं होऊन नीट मिटत नाहींत.

सर्व विद्येचें गमक एका भागाकारांत आहे. कडीच्या आंतील व्यासास तारेच्या जाडीनें भागावें. तार दीड मिलिमीटर आणि आंतील व्यास सहा मिलिमीटर असेल तर भागाकार चार येतो. प्रचलित युरोपीय विणींत प्रत्येक कडींतून शेजारच्या चार कड्या जातात. तिला ‘एकींत चार’ असें म्हणतां येईल. भागाकार तिनाच्या खालीं गेला तर चौथी कडी आंत शिरत नाहीं. पांचाच्या फार वर गेला तर जाळें ढिलें व लोंबतें होतें. म्हणून चार हा नवशिक्यास उत्तम. अशा एका कडीस सुमारें साडेतेवीस मिलिमीटर तार लागते.

कडी उघडतांना तिचीं टोंकें डावी-उजवीकडे फांकवूं नयेत. तिचा गोलाकार बिघडतो व तो पुनः येत नाहीं. दोन चपट्या चिमट्यांत दोन बाजू धरून एक टोंक पुढें व दुसरें मागें असें पिळावें. मिटतांना टोंकें किंचित् एकमेकांच्या पलीकडे नेऊन परत आणावीं, म्हणजे तारेचा ताठा मोडून फट बुजते. या कामांत कसोटी हीच. जुन्या कारागिरानें एक रिव्हेट कच्चा ठेवला तर भाल्याच्या टोंकास वाट मिळे. आजच्या चांदणींत एक कडी उघडी राहिली तर एवढेंच होईल, कीं ती झाडावरून गळून पडेल किंवा एखाद्या लहान मुलाच्या बोटास ओरखडा काढील. तथापि ज्या घरांत तीं बोटें आहेत, त्या घरास तेंही थोडें नाहीं.

पहिला नमुना झाडाचा. वरच्या ओळींत एक कडी, तिच्यांत अडकविलेल्या दोन कड्या दुसऱ्या ओळींत, तिसरींत तीन, असें करीत दहा ओळी कराव्या. कडेच्या कड्या वरच्या ओळींतील एकाच कडींतून जातात, मधल्या दोहोंतून. एक ओळ डावीकडे कलली तर पुढची उजवीकडे कलावी; हा नियम चुकला कीं जाळें एका पातळींत बसत नाहीं. एक ते दहापर्यंतची बेरीज पंचावन्न. म्हणून पंचावन्न कड्या आणि कापणींतील घट धरून दीड मीटर तार पुरते. तळाच्या ओळींतील मधल्या दोन कड्यांत एक तांब्याची कडी घालून तिच्याखालीं आणखी दोन सोडल्या कीं खोडही झालें.

येथें एक अडचण येते. आडव्या ओळींचें जाळें टांगलें म्हणजे तें आपल्याच वजनानें उभें ताणलें जातें आणि रुंदीस आंखडतें. याच गुणामुळें चिलखताचा अंगरखा अंगाशीं बसत असे. पण येथें सुंदर त्रिकोण मिटल्या छत्रीसारखा दिसूं लागतो. उपाय सोपा आहे. तळाच्या ओळींतून एक ताठ तार आडवी ओंवून जाळें हवें तितकें पसरावें व तारेचीं टोंकें वळवून टाकावीं.

दुसरा नमुना हिमकणाचा. बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो, आणि जपानी चिलखतांत आडव्या निजलेल्या मोठ्या कड्या उभ्या लहान कड्यांनीं जोडण्याची जी रीत आहे, तींत षट्कोन आपोआप साधतो. एका मोठ्या कडीभोंवतीं सहा मोठ्या कड्या मांडाव्या. मधली कडी प्रत्येकीशीं एकेका लहान कडीनें जोडावी, त्या सहा. बाहेरच्या सहा आपसांत जोडाव्या, त्याही सहा. सात मोठ्या व बारा लहान मिळून एकोणीस कड्यांत हिमकण पुरा होतो. मोठी कडी दीड मिलिमीटर तारेची व आंतून आठ मिलिमीटर असेल, तर लहान कडी एक मिलिमीटर तारेची व आंतून साडेतीन मिलिमीटर घ्यावी. कारण तिच्या पोटांत मोठ्या तारेच्या दोन जाड्या, म्हणजे तीन मिलिमीटर, मावल्या पाहिजेत.

धातूची निवडही विचारपूर्वक करावी. ॲल्युमिनियम हलकें, पंचावन्न कड्यांचें झाड सहा ग्रॅमच भरतें व नाजूक फांदीही वांकत नाहीं. लोखंडाचें तेंच झाड अठरा ग्रॅम होतें आणि समुद्रकांठच्या दमट हवेंत त्यास पेटींतल्या पेटींत गंज चढतो. पितळ व तांबें दिसावयास सुंदर, परंतु वर्षभरांत काळवंडतात. चिंचेच्या कोळानें घासलीं कीं पुनः उजळतात. न गंजणारें पोलाद टिकाऊ खरें, पण नवशिक्याच्या मनगटास तें फार कठीण.

मुंबई, वसई व गोवें येथील ख्रिस्ती घरांवर नाताळांत कागदी तारे झळकतात आणि दिवाळींत हिंदु घरांपुढें आकाशकंदील. कड्यांची षट्कोनी चांदणी दोन्ही ठिकाणीं शोभेल. दिव्याजवळ टांगली तर तिची जाळीदार छाया भिंतीवर पडते. कागद दरवर्षीं नवा लागतो, ही चांदणी मात्र पेटींत ठेवून पुढल्या वर्षीं पुनः काढतां येते.

पेटींत ठेवण्यापूर्वीं मात्र तिच्यावरून एकदां रेशमी कापड फिरवावें. कापड जेथें अडकेल तेथें एखादी कडी उघडी आहे असें समजावें, आणि चिमटा घेऊन ती मिटावी.