चँडलर, दुबाश आणि रॉकेलवाला

बडोद्याजवळ कोयलीला सोविएत मदतीने उभी राहिलेली रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. अंकलेश्वरला १९६० मध्ये लागलेले तेल तिथे शुद्ध होऊ लागले. आज बाजारात मिळणारी साधी मेणबत्ती बहुधा खनिज तेलातूनच निघालेल्या मेणाची असते. पण मेणबत्ती विकणाऱ्याला इंग्रजीत जे नाव पडले, ते या तेलाच्या कितीतरी शतके आधीचे. ते नाव म्हणजे चँडलर.

लॅटिन ‘कँडेला’पासून फ्रेंचमध्ये ‘शांदलिए’ झाला आणि तोच इंग्लंडात चँडलर म्हणून रुळला. मूळ धातूचा अर्थ चकाकणे. आपला ‘चंद्र’ त्याच कुळातला, त्यामुळे हा परका शब्द अगदीच परका नाही. लंडनमध्ये या धंद्याचे दोन वेगळे संघ होते. चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्यांना १४६२ मध्ये राजाची सनद मिळाली, मधमाशीचे मेण वापरणाऱ्यांना १४८४ मध्ये. चरबीची बत्ती स्वस्त, धुरकट आणि वासाची, ती गरिबाघरी. मेणाची चर्चमध्ये आणि श्रीमंतांकडे. एकाच उजेडातला हा वर्गभेद मला त्या सनदांपेक्षा बोलका वाटतो.

पुढे चँडलरच्या दुकानात साबण, तेल, रंग, किराणा असे सगळेच मिळू लागले. मेणबत्ती मागे पडली तरी पाटी तीच राहिली. त्यातूनच जहाजाला दोरखंड, डांबर, शिधा पुरवणारा ‘शिप चँडलर’ आला. मुंबई बंदरात हे काम करणाऱ्याला दुबाश म्हणत. मुळात हा दोन भाषा जाणणारा दुभाष्या. कप्तानाशी बोलता बोलता त्याचा पुरवठादार झाला. पारशांत ते आडनाव झाले आणि काळ्या घोड्याजवळचा जुना रॅम्पार्ट रो आज के. दुबाश मार्ग आहे.

आपल्याकडे मेणबत्तीवाल्याची अशी जात किंवा असा संघ का झाला नाही? कारण उघड आहे. घरोघरी समई आणि पणती, तेल गाळणारा तेली. मेण होते, पण उजेडासाठी मुख्यतः तेलच. आपली उजेडाची नावे विकणाऱ्यावरून पडली नाहीत, उजेड धरणाऱ्यावरून आणि सांभाळणाऱ्यावरून पडली: मशालजी, दिवटे, बिछायत नि दिवाबत्ती पाहणारा फरास. मेणबत्तीचा खरा बाजार दिसतो तो वांद्र्याच्या मोतमावली चर्चच्या जत्रेत. सप्टेंबरात तिथे घराच्या, हातापायाच्या, बाळाच्या आकाराच्या मेणबत्त्या नवसासाठी विकल्या जातात आणि घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात.

एकोणिसाव्या शतकाने चँडलरचा धंदा उलटा केला. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये चरबीतल्या आम्लांपासून मेणबत्ती करण्याचे पेटंट निघाले, १८५० मध्ये जेम्स यंगने कोळशासारख्या खनिजातून पॅराफिन काढण्याचे. मेणबत्ती स्वस्त आणि बिनवासाची झाली. पण तोवर खनिज तेलाचाच दिवा आला. आपल्याकडे तो ‘रॉकेल’च्या नावाने घरात शिरला आणि गल्लीत रॉकेलवाला आला. मेणबत्तीवाल्याचे जे नाव मराठीत कधी पडले नाही, ते या उपटसुंभाला लगेच मिळाले. पुढे गॅस आला, वीज पोहोचली आणि शहरातला तोही दिसेनासा झाला.

गायकवाडी दरबारामुळे बडोद्यात मराठी घरे पुष्कळ. तुमचे घर त्यांतले असेल आणि त्यात मशालजी, दिवटे किंवा फरास यांच्या नोकरीचे जुने कागद निघाले, तर ते रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा.