दिरहम, लारी आणि नागोठण्याचा पैसा

मंडळी, गेल्या पावसाळ्यात पेणहून नागोठण्याकडे जाताना कासूला एका ओळखीच्या गृहस्थांकडे थांबलो होतो. भातशेती आणि लहानसे दुकान, असा त्यांचा संसार. मुलगा दुबईला कामाला. चहा झाल्यावर त्यांनी मनातली गोष्ट काढली. म्हणाले, "सर, पोरगा दिरहम मिळवतो, इथे त्याचे रुपये होतात आणि रुपयाला दर वर्षी कमीच जिन्नस येतो. पूर्वी म्हणे दिरहम चांदीचा असायचा आणि दिनार सोन्याचा. तसंच नाणं बाजारात चालू राहिलं असतं, तर आमची शिल्लक अशी विरघळली असती का?"

तेवढ्यात त्यांच्या आईंनी आतून फडक्यात बांधलेला चांदीचा एक जाड रुपया आणला. त्यावर फारसी अक्षरे होती. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे मोडलं तर काय येईल हो?"

दोघांचा प्रश्न खरे पाहता एकच होता. नाण्याचे मोल कशात असते? धातूत, की आणखी कशात? आज याचाच थोडा विचार करू. त्यासाठी फार लांब जायला नको. चौल, रेवदंडा, रोहे, नागोठणे, रायगड, एवढ्या मुलखात सगळे उत्तर मिळते.

आधी शब्द पाहा. आपण 'दाम' म्हणतो, 'दमडी' म्हणतो. त्यांचे मूळ 'द्रम्म' या नाण्यात आहे आणि कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्मांचा उल्लेख येतो. द्रम्म हा शब्द ग्रीकांच्या 'द्राख्मा'वरून आला. अरबांचा 'दिरहम'ही त्याच मुळापासून निघाला. म्हणजे आपला दाम आणि त्यांचा दिरहम हे चुलतभाऊच झाले. 'दिनार' हा रोमी लोकांच्या 'देनारियस'पासून झाला आणि तो जुन्या संस्कृत लेखांतही सापडतो. 'शिक्का', 'सराफ', 'नगद' हे शब्द अरबीतले, 'मोहोर' आणि 'खुर्दा' फारसीतले. बाजाराला परका शब्द वर्ज्य नसतो.

इस्लामी नाण्याला ठरीव रूप दिले ते दमास्कसच्या खलिफा अब्दुल मलिक याने, इ. स. ६९६-६९७ च्या सुमारास. त्याआधी त्या मुलखात रोमी सोने आणि इराणी चांदी चालत असे. त्याने राजाचे चित्र काढून टाकले आणि नुसती अक्षरे घातली. सोन्याचा दिनार सुमारे सव्वाचार ग्रॅमचा, चांदीचा दिरहम तीन ग्रॅमला किंचित कमी. दहा दिरहमांचे वजन सात दिनारांइतके, असा हिशेब होता.

हे अरब व्यापारी आपल्या किनाऱ्यालाही येत. अल् मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपले चौल. तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून आलेले व तिथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, इ. स. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात राष्ट्रकूट राजाच्या मुलखातील दिरहमांचा उल्लेख आहे आणि त्यातला एकेक दीड दिरहम वजनाचा भरे, असे म्हटले आहे. तेव्हाही नाणे हाती आले की पहिला प्रश्न हाच पडे की वजन किती?

पुढे कोकणात आणखी एक गमतीचे नाणे चालले. त्याचे नाव लारी. इराणातल्या लार शहरावरून हे नाव पडले. ही लारी गोल नव्हती. चांदीची तार मधोमध दुमडायची आणि तिच्यावर शिक्का ठोकायचा, की झाले नाणे. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. विजापूरच्या अली आदिलशहाच्या नावाच्या अशा लाऱ्या पाडल्या गेल्या आणि चौल-दाभोळच्या व्यापारात त्या फिरल्या.

आता कोणी म्हणेल, मग त्या काळी सामान्य माणूस सोन्याचांदीतच व्यवहार करत होता की! इथेच आपली फसगत होते. बंदरावर घोडे आणि कापड घेणारा व्यापारी चांदी मोजत होता. पण गावातला कुळवाडी? त्याचा खंड भाताच्या खंडीत आणि मणात. सरकारचा वसूलही पुष्कळदा ऐनजिनसी, म्हणजे धान्याच्याच रूपाने. बलुतेदाराला सुगीला धान्य. बाजारात मीठ-मिरची घ्यायची तर तांब्याचा पैसा. एका होनाला साधारण साडेतीन-चार रुपये पडत आणि एका रुपयाचे चौसष्ट पैसे. होन देऊन मेथीची जुडी मागितली, तर सुटे कोण देणार? सोन्याचे नाणे हातात आले की ते बाजारात फिरत नसे. ते गाडग्यात जाई, नाहीतर गळ्यात. पुतळ्यांची माळ आपण पाहतोच. पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. ते इथे आले आणि दागिना होऊन बसले.

दुसरी अडचण पारखीची. चांदी आहे हे खरे, पण शुद्ध किती? कडा कातरलेल्या तर नाहीत? हे सांगणार सराफ. तो वाजवून पाही, तोली, खूण ठोकी आणि बट्टा कापी. एकट्या मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे रुपयांचे प्रकार चालत आणि एकाचा दुसऱ्याशी भाव वेगळा. समजा, एखाद्याला सरकारात चाळीस रुपये भरायचे आहेत. त्याच्याजवळचा रुपया तिथे चालत नाही आणि सराफाने शेकडा अडीच बट्टा लावला. मग चाळिसांमागे एक रुपया गेला, म्हणजे चौसष्ट पैसे गेले. चांदी खोटी नव्हती, माणूसही खोटा नव्हता, तरी नुकसान झाले. मोठा सावकार वजन स्वतः करी. लहान माणसाला दुसऱ्याच्या तराजूवर भरवसा ठेवावा लागे आणि त्या भरवशाची किंमत तोच देई.

ही गोष्ट शिवाजी महाराजांनी किती नेमकी ओळखली होती ते पाहा. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला होता. तो मुंबईहून चौलला आला आणि तिथून रोह्याजवळच्या अष्टमीवरून पुढे निजामपूरकडे गेला. म्हणजे आपल्याच मुलखातून. मुंबईचे इंग्रजी नाणे महाराजांच्या राज्यात चालावे, अशी त्याची एक मागणी होती. महाराजांच्या बाजूने आलेल्या उत्तराचा आशय असा : आम्ही कोणत्याही नाण्याला बंदी करत नाही. पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्तीही करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसाला आणि वजनाला उतरले, तर ते चालेल. नाणे कोणाचे, यापेक्षा रयतेला त्यात तोटा आहे की नाही, ही त्यांची कसोटी होती. महाराजांनी स्वतःचा सोन्याचा होन पाडला, तसा तांब्याचा शिवराई पैसाही पाडला. होन आज संग्रहालयात पाहावा लागतो. शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांत फिरत होती.

लोकांचा विश्वास ओळखीच्या नाण्यावर असतो. म्हणून तर कंपनीच्या मुंबईच्या टांकसाळीने पुढे मोगल बादशहाच्या नावाचेच रुपये पाडले आणि पेशवाईतल्या रुपयांवरही फारसी अक्षरे आणि दिल्लीच्या बादशहाचे नाव राहिले. कासूच्या आजींच्या फडक्यातला रुपया याच घराण्यातला.

आता अगदी शेजारचे उदाहरण. १७४४ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी तांब्याचे पैसे पाडण्याचे दोन परवाने दिले. एक रेवदंड्याच्या बहिरम दातार यांना, दुसरा नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांना. मुदत तीन वर्षे. सरकारात पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी १०० रुपये भरायचे. रेवदंड्याचा पैसा दहा माशांचा ठरला आणि नागोठण्याचा नऊ माशांचा! एका दिवसाच्या वाटेवरची ही दोन गावे, आणि पैशापैशांत एका माशाचा फरक. मीठ किंवा मासळी विकून दोन्हीकडचे पैसे गोळा करणाऱ्याने काय करावे? जड पैसा घरात ठेवावा आणि हलका बाजारात द्यावा. सगळेच असे करतात, आणि मग चांगले नाणे दडते व हलके तेवढे फिरत राहते. जगभर हेच झाले आहे.

हा घोळ संपायला १८३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखात एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. आपले आजे रुपये टाकून तोळे मोजत, ते यामुळेच. पण चांदीचा रुपया झाला म्हणून मोल स्थिर राहिले का? नाही. १८७३ नंतर जगात चांदी उतरत गेली. जो रुपया सुमारे दोन शिलिंगांना होता, तो १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. रुपयातली चांदी गुंजभरही कमी झाली नव्हती. त्या वर्षी सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. पुढे पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, १९१७ साली एक रुपयाची नोट आली, १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली निकेलचा रुपया निघाला.

याच काळात आणखी एक नवल घडत होते. एके काळी आखाताची नाणी आपल्याकडे आली, तसा आपला रुपया आखातात चालत होता. कुवेत, बहरीन, कतार, दुबई इथे त्यानेच खरेदी-विक्री होई. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ साली त्या भागासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ साली आणि १९६६ साली बाकीच्यांनीही रुपया सोडला. आजचे त्यांचे दिनार आणि दिरहम नावाने जुने, पण त्यांत सव्वाचार ग्रॅम सोने किंवा तीन ग्रॅम चांदी नाही. तेही आपल्या रुपयासारखेच सरकारच्या शब्दावर चालतात. मलेशियातील केलांतान राज्याने २०१० साली जुन्या वजनाचे सोन्याचे दिनार आणि चांदीचे दिरहम पुन्हा वापरात आणण्याचा प्रयत्न केला. पण तिथल्या केंद्र सरकारने ते कायदेशीर चलन मानले नाही.

तर कासूच्या त्या गृहस्थांना मी काय सांगितले? म्हटले, तुमचे दुःख खरे आहे. नोटा वाढल्या आणि माल वाढला नाही, की रुपयाचे मोल घटते आणि कष्टाची शिल्लक झिजते. धातूच्या नाण्याला एवढा गुण जरूर आहे, की सरकारला ते मनास येईल तितके पाडता येत नाही. पण म्हणून रोजच्या बाजारात सोने-चांदी मोजायची, तर तराजू, कस, कातर, बट्टा आणि सुट्यांची ओढ हे सगळे परत येईल आणि त्याचा भार पुन्हा लहान माणसावरच पडेल. शिलकीचा थोडा भाग सोन्यात असावा, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. पण चलन हे वेगळे काम आहे. ते डोळे मिटून घेता यावे आणि पुढच्यानेही तसेच घ्यावे. रुपयाकडून ही अपेक्षा आपण ठेवली पाहिजे आणि महागाई वाढली की राज्यकर्त्यांना जाबही विचारला पाहिजे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. गावात जुनी नाणी घरोघरी असतात. मुलांना ती घासू देऊ नका. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायला लावा, वजन लिहून ठेवा, अक्षरे जाणकाराकडून वाचून घ्या. आणि नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे गाडगे लागले, तर ते वाटून घेऊ नये किंवा वितळवू नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे.

आजींना मी म्हणालो, "आई, मोडलंत तर चांदीचा भाव येईल, तोही घट वजा करून. ठेवलंत तर नातवंडांना दाखवता येईल." त्यांनी रुपया परत फडक्यात बांधला आणि म्हणाल्या, "मग असू दे. नातू गणपतीला येणार आहे, त्याला दाखवीन."